लोकांच्या घरातल्या पेट्या

२० सप्टेंबर १९९९

सुहासदादा आज पुण्याला परत गेला आणि व्हिडिओ गेम माझ्या हातात ठेवून गेला! तळहातावर मावतो. आतला खेळ त्याच्या कंपनीने बनवलाय, अजून बाजारात आलेला नाही. चार वीर, सात राज्यं, शेवटी डोंगरातला काळा राजा. मी खेळायचा आणि चुका शोधायच्या. "सगळं उघडून, ठोकून बघ. घट बसायच्या आत सांग. नीट झालं तर साहेबांकडे तुझं नाव देतो." म्हणजे नोकरी—पुण्यात!

बाबा म्हणाले, "बघू. नाहीतर बी.एड. आहेच."

बघू काय? जमेलच. लहानपणी दमा होता म्हणून चौथीपर्यंत मला शाळेत घातलंच नाही, कुसुमआत्याने घरी शिकवलं. तिच्या हाताखालून गेलेल्या माणसाच्या नजरेतून चूक सुटत नाही.

२२ सप्टेंबर

वीरांना नावं द्यायची होती. मी, बाबा, दादा आणि आत्या! आत्या जादूगारीण. तिला सांगितलं, तर म्हणते, "जादू येत असती तर तुझ्या बापाला वेळेवर जेवायला नसतं बसवलं?"

२५ सप्टेंबर

टावर चौकात सेल आणायला गेले. दुकानदार म्हणाला, "दीदी, रेडियो है कि राक्षस? इतने सेल खाता है!" म्हटलं, "राक्षस ही है, भैया."

खेळात एक गोष्ट खटकते. कुणाच्याही घरात सरळ शिरता येतं, आणि घराघरात पेट्या. बटण दाबलं की उघडणार—घरातली बाई समोर उभी असताना! मी हात लावला नाही. लोकांकडे गेलं की हात मांडीवर, हे आत्याने बाराखडीच्याही आधी शिकवलंय.

२९ सप्टेंबर

दुपारभर लाइट नव्हती. खिडकीशी बसून आणखी एक राज्य पार केलं. तलवारी साध्याच आहेत, सारखी मरते. पण राक्षसांच्या चाली आता पाठ झाल्यात. शांतपणे, न घाबरता. जमतंय.

५ ऑक्टोबर

काळा राजा मेला!! शेवटचा घाव आत्याचा. तिला धावत जाऊन सांगितलं. "माझ्या हातून? आणि पितृपक्षात?"

घरच्या फोनला एसटीडी नाही, म्हणून देवास गेटच्या बूथवर गेले. दादाला ऐटीत सांगितलं—शेवट गाठला, चूक एकही नाही.

तो म्हणाला, "एकही नाही? अगं, पेट्यांमध्ये मीच मुद्दाम चुका घातल्यात. हिऱ्याच्या पेटीतून माशाचं डोकं निघतं, ते दिसलं नाही?"

"मी पेट्या उघडल्या नाहीत."

"कुठल्या?"

"कुठल्याच. लोकांच्या घरात होत्या."

हसेल असं वाटलं. हसला नाही. "ईरा, तुला तपासायला दिलं होतं. आता साहेबांना काय सांगू? चार दिवस थांबतो. पुढे नाही."

घरी बाबा एवढंच म्हणाले, "बी.एड. आहेच." रागावले असते तर बरं झालं असतं.

६ ऑक्टोबर

सकाळी खेळातल्या पहिल्या गावात गेले. पेटीसमोर उभी, बटणावर अंगठा. दाबवेना! वेडेपणा आहे, मला कळतं. पण ती बाई बघत असते.

आत्याला सांगितलं. मनात होतं, शाबासकी देईल. ती तांदूळ निवडत होती. वर न बघता म्हणाली,

"ते गाव कुणी बनवलं?"

"दादाने."

"ती बाई?"

"तीही त्यानेच."

"मग घर कुणाचं झालं?"

"...दादाचं."

"आणि त्याने काय सांगितलं होतं?"

"सगळं उघडून बघ."

"घरधनी उघड म्हणतोय आणि ही हात मांडीवर ठेवून बसली! मी तुला विचारायला शिकवलं होतं गं. होकार मिळाल्यावरही बसून राहायला नाही."

दुपारपासून उघडतेय. माशाचं डोकं सापडलं!! आत्या तांदूळ सोडून शेजारी येऊन बसली. "ती कोपऱ्यातली राहिली. मडक्यात पण बघ. अगं, मेली झाकून ठेवलीय म्हणजे काहीतरी असणारच!"

९ ऑक्टोबर

परत बूथ. सापडलेल्या सगळ्या चुका सांगितल्या. मध्येच दादा म्हणाला, "थांब, थांब. ही मी घातलेली नाही." असं बऱ्याचदा म्हणाला! शेवटी विचारलं, "पेट्यांशिवाय काळ्या राजाला मारलंस कसं? चिलखत पेटीतच असतं. इथे एकालाही जमलेलं नाही. साहेबांना वाटतंय तू थापा मारतेस."

म्हटलं, "समोर बसून मारून दाखवते."

११ ऑक्टोबर

दुपारी साहेबांचाच फोन आला. घरात मी एकटी. "पुढच्या सोमवारी रुजू होणार का?" मी म्हणाले, "हो."

फोन ठेवल्यावर लक्षात आलं. बाबांना विचारलं नाही. आत्यालासुद्धा नाही!