डालग्याखाली कोंबडी हाय

अहो,

चहा गाळून ठेवलाय, गरम करून घ्या. चुलीजवळ डालग्याखाली कोंबडी हाय, बघून ओरडू नका. शेजारच्या जनूभावोजींचीच हाय, काल तुम्ही दगड मारून लंगडी केलेली. हळद लावून तिच्या पायाला मी काडी बांधलीय.

शिफ्टवरून घरी आलो की पेणला जाऊन पोलिसात तक्रार देणार म्हणालात, म्हणून सकाळीच भावोजींकडे जाऊन बसले. पोलीस काय आपल्या वालाची राखण करायला येणार हायत? भावोजी आधी गुरगुरले. मग त्यांची बायको चंद्रावतीच म्हणाली, कोंबड्या वालात शिरल्या ही चूक आमची. दगड मारला ही आमची, असं मीपण कबूल केलं. तुम्हाला न विचारता केलं, रागवायचं तर माझ्यावर रागवा. रविवारी दोघांनी मिळून कुंपण घालायचं ठरलंय. काठ्या त्यांच्या, बांधायचं काम तुमचं.

आज संध्याकाळी त्यांच्या खळ्यात पोपटी लावतोय. मडक्यात भाजायला वालाच्या शेंगा आपल्या, अंडी त्यांची. मी शेंगा घेऊन पुढे जाते. तुम्ही मडक्यात घालायला बांधावरचा भांबुर्ड्याचा पाला काढा आणि कोंबडी परत द्यायला काखेत घेऊन या.

मडकं कोण भरणार म्हणून मी मुद्दाम विचारलं. भावोजी खाली बघून म्हणाले, "दरसाल भरतो तोच."

नाव घेतलं नाय, पण दरसाल तुम्हीच भरता. तेव्हा आल्यावर पहिलं तुम्ही बोला. काय सुचलं नाय तर पाला पुरेल का, एवढंच विचारा.

सुगंधा