वाळूवर रचलेली भट्टी

१२ जानेवारी

विटा चांगल्या आहेत! कंपाउंडच्या कामातून उरलेल्या, संडासामागं रचून ठेवल्या होत्या. आज एकेक उलटून पाहिली. दोन विंचू निघाले. विटा मात्र टिचकी मारली की खणखणतात.

मोबाईलवर पाहिलेली ती भट्टी काही डोक्यातून जात नाही. घुमटासारखी गोल. आत लाकडं पेटवायची, विटा तापल्या की निखारे बाहेर ओढायचे, आणि मग रिकाम्या भट्टीत पाव भाजायचे. विस्तव नसताना! माझी सगळी नोकरी कारखान्यात बॉयलरवर गेली. तिथं आग मंदावली की वाफ पडली, की आरडाओरडा. आणि ही वीट म्हणे आग पोटात ठेवून घेते. किती वेळ ठेवते? हे मला स्वतःच्या हातानं बघायचंय.

बायकोला, मनकर्णाला, सांगितलं. ती खाटेवरून बघत राहिली. मग म्हणाली, "पाहुणे."

पाहुणे नाही गं, भट्टी!

"पाहुणे, पाहुणे" — आणि डावा हात वळवत वळवत वर नेला. मग उजेड पडला. धूर! घरात धूर होईल म्हणत होती.

शब्द चुकीचा तरी कसा म्हणू? न बोलावता येतो, बसतो, डोळ्यांत पाणी आणतो.

१५ जानेवारी

तिला घेऊन नगरला जाऊन आलो. दिवाळीत अर्धांगाचा झटका आला, तेव्हापासून चालणं पुष्कळ सुधारलंय, उजवा हात थोडा. बोलणं जागच्या जागी. बोलायला शिकवणाऱ्या मॅडम म्हणाल्या, "शब्द गेलेले नाहीत, काका. रस्ता चुकतायत. हसू नका, टोकू नका. हाताला काम द्या आणि बोलत राहा."

बाहेर येताना एकटाच मागं थांबून विचारलं, परत येईल का बोलणं पहिल्यासारखं? त्या म्हणाल्या, "सुरुवातीच्या महिन्यांत जास्त फरक पडतो." एवढंच. पुढचं मी विचारलं नाही.

गाडीत ती खिडकीतून उसाचे ट्रॅक्टर बघत होती. एकाकडं बोट करून म्हणाली, "चपला." मी म्हटलं, हो, बऱ्याच आहेत.

१७ जानेवारी

फक्रुद्दीनच्या बेकरीत गेलो. गावात लाकडाची भट्टी आता त्याचीच. मी वाकून घुमट बघतोय, तर तो हसला.

"वर काय बगता, तात्या? खाली इचारा काय हाय ते."

काय आहे?

"फुटक्या बाटल्या नि खडं मीठ. त्येच्यावर फरशी. न्हाईतर सगळी ऊब जमीन पिऊन टाकती."

काच आणि मीठ! बॉयलरला आम्ही काय काय गुंडाळायचो, पण मीठ? खरंच उपयोग होतो की बापजाद्यांनी टाकलं म्हणून हाही टाकतो? त्याला विचारलं. "काडून कुनी बगितलंय?" म्हणाला. म्हणजे मलाच बघावं लागणार.

त्यानं भट्टीत हात घालायला लावला. पाव पहाटे निघाले होते, मी गेलो दुपारी जेवून. आत अजून उन्हाळा होता!

१८ जानेवारी

बाटल्या फोडल्या. मीठ पसरलं. गावभर चौकशा — तात्या एवढ्या बाटल्यांचं करतोय काय!

२० जानेवारी

मातीत आज तिचा हात घातला. मॅडमनी सांगितलेलं काम म्हणून. चिकणमाती, वाळू, गव्हाचा भुसा. घमेलं तिच्यासमोर ठेवलं. उजवी बोटं आधी नुसतीच मातीत पडून राहिली, मेल्यासारखी. मग हळूच मिटली. उघडली. मिटली. मी श्वास धरून बघत होतो — बॉयलरचा काटासुद्धा कधी असा बघितला नसेल.

मग तिनं गोळा उचलला आणि फेकून दिला. "कोंबडी!" म्हणाली. पुन्हा गोळा, पुन्हा फेकला. "कोंबडी!" मी खुराड्याकडं बघतोय. तिनं कपाळावर मातीचाच हात मारून घेतला, उठली, भिंत धरत धरत गेली आणि पोत्यातून मूठभर भुसा आणून घमेल्यात टाकला.

माझा चेहरा बघून तिला हसू फुटलं. मलाही. हसू नका म्हणाल्या होत्या मॅडम! दिवाळीनंतर पहिल्यांदा हसली असेल.

२२ जानेवारी

संध्याकाळी शेजारचा कारभारी कुंपणावरून डोकावला. "जय भीम, सहादेवतात्या! कारखाना घरी आनला का काय?" मग मनकर्णाला म्हणाला, "वयनी, बरं हाय का? पाव कवा खायला घालताय?"

तिनं तोंड उघडलं. मिटलं. पुन्हा उघडलं. तो बिचारा थांबून राहिला. शेवटी तिच्या तोंडून आलं, "चपला... चपला..." कारभारी "व्हय व्हय" म्हणत आत गेला.

तिनं हातातली थापी भिरकावली. आत जाऊन भिंतीकडं तोंड करून पडली. हिचं तोंड म्हणजे आख्ख्या आळीला धाक होता! जेवली नाही. मीही नाही.

२३ जानेवारी

बाहेर आली नाही.

२४ जानेवारी

आली नाही. दीपाचा पुण्याहून फोन. "आईला द्या ना, पप्पा." फोन कानाला लावून दिला. ही "हं... हं..." करत राहिली, मग चार-दोन भलतेच शब्द. मला वाटलं पोरगी रडत असेल. फोन घेतला तर म्हणते, "पप्पा, आवाज तर तोच आहे. मला रोज बोलू द्या तिच्याशी."

२६ जानेवारी

मी मुद्दाम माती वाईट मळली. भुसा टाकलाच नाही. खिडकीसमोर बसून.

बाहेर आली!

३० जानेवारी

आता खरी गंमत. परसात काच-मिठावर फरशी घालून केलेल्या ओट्यावर ओल्या वाळूचा ढीग केला, थापून थापून घुमटासारखा. त्यावर ओले पेपर. आता विटा रचायच्या त्याच्यावर — खालून वर, कड्या कड्या करत. माती वाळली की भट्टीच्या तोंडातून वाळू उकरून काढायची. आधार काढला तरी घुमट उभा!

कसा राहतो पण? विचार करतोय तर वाटतं, प्रत्येक वीट पडायलाच बघतेय. शेजारची तिला पडू देत नाही. तीही पडायलाच बघतेय. सगळ्या मिळून पडतायत आणि म्हणून कोणीच पडत नाही. मनकर्णाला हे समजावून सांगितलं. तिनं मान हलवली, विटेवर हात ठेवून म्हणाली, "भाकर." म्हटलं खरंय, दोन्ही भाजलेल्याच.

२ फेब्रुवारी

माथ्यावरची शेवटची वीट बसेना. ठोकून ठोकून बसवली. मनकर्णानं खुर्चीवरून मान नकारार्थी हलवली. मी म्हटलं, बसली, बसली. तिनं बोट दाखवलं, काहीतरी बोलली — "जावई" असं काहीतरी. लागलं नाही मला.

४ फेब्रुवारी

वरून माती लिंपली. उजव्या हातानं तिनं चार फटकारे ओढले. बोटांचे ठसे उमटलेत. त्यावरून मी हात फिरवला नाही, तसेच ठेवले.

१० फेब्रुवारी

वाळतेय. बारीक चिरा गेल्यात. फक्रुद्दीन येऊन बघून गेला. "चिरा जानारच. अजून वाळू द्या, घाई नगा करू." पण मला राहवेना झालंय. आत वाळू आहे तोवर ही नुसती वाळूवर घातलेली गोधडी. वाळू काढली की कळणार, भट्टी आहे की नाही. उद्या काढतो.

११ फेब्रुवारी

भट्टी बसली.

वाळू जवळजवळ सगळी निघाली होती. मागच्या कोपऱ्यातली ओढायला मी खांद्यापर्यंत आत. तेवढ्यात मागून हाक — "सहादेव!" एवढ्या जोरात, की कोण म्हणून बाहेर आलो. आणि घुमट खाली. नुसता धुरळा.

परसात दुसरं कोणीच नव्हतं. खुर्ची धरून उभी मनकर्णा.

लग्नातला उखाणा सोडला तर या बाईनं माझं नाव कधी उच्चारलं नाही. मी म्हटलं, काय म्हणालीस? परत म्हण.

ती लाजली! पदर तोंडाला लावला आणि मान फिरवली. म्हणजे कोणता शब्द आला, ते तिला कळलं होतं.