जमिनीवरचा पाठ

नामवॉन,
१२ नोव्हेंबर

प्रिय हेवॉन,

हे अक्षर तुला ओळखू येणार नाही. तू माझ्या वर्गात होतीस तेव्हा तुला वाचता येत नव्हतं. मी मालसुन बाई, बालवाडीत ढोल शिकवणारी. गेल्या महिन्यात आपण भेटलो, त्याबद्दल शेवटी लिहिते. आधीचं आधी सांगायला हवं.

तुम्ही सगळी पाच वर्षांची. कमरेला छोटा जांग्गू बांधला की अर्धी मुलं त्या ढोलामागे दिसेनाशी व्हायची. मी आधी बोल तोंडानं म्हणवून घ्यायची, ‘देंग कुंग कुंग दक कुंग’, मग त्या बोलांवर चालायला लावायची, आणि पायांत लय मुरली की मगच हातात काठी द्यायची. महिन्याभरात सगळ्यांना जमलं. तुला नाही. तू दरवेळी जराशी मागे. शेजारच्या मुलाची काठी पडली की मग तुझी पडायची. मला वाटलं, पोरीचं लक्ष नाही. एकदा वैतागून म्हणाले, “हेवॉन, कान काय आजीकडे ठेवून आलीस?” वर्ग खदखदून हसला. इतरांचे चेहरे बघून तूही हसलीस. मग मुलं तुला ‘बिनकानी’ म्हणू लागली, आणि मी कुणाला दटावलं नाही.

एका दुपारी मुलं खाऊ खात होती आणि मी एकटीच ढोल वाजवत बसले होते. तू आलीस, लाकडी जमिनीवर पालथी पडलीस, गाल टेकवलास, आणि तुझी टाच आपटू लागली. अगदी समेवर. मी लय बदलली, टाचेनं तीही पकडली. हे मी पाहिलं, हेवॉन. पाहिलं आणि म्हणाले, “ऊठ, फ्रॉक मळेल.”

छुसकच्या सणाच्या कार्यक्रमाला चार दिवस उरले असताना तुझा ढोल काढून मी दुसऱ्या मुलीला दिला आणि तुझ्या हाती झेंडा दिला. कार्यक्रमाच्या दिवशी आजी नव्या कपड्यांत, सोंगप्यनचा, सणाच्या तांदळाच्या गोड उंड्यांचा, डबा घेऊन आल्या. म्हणाल्या, “बाई, आमच्या पोरीला ढोल नाही होय? घरी ताटल्या बडवून जीव नकोसा करते.” मी शहाणपणानं सांगितलं, “आजी, लय काहींच्या अंगात नसतेच.” त्यांनी डबा मला देऊन टाकला आणि तुझा हात धरून परत गेल्या.

दोन वर्षांनी आजी बाजारात मुळे निवडताना भेटल्या. “पोरीला ऐकूच येत नव्हतं हो, बाई. जन्मापासून फार थोडं. ओठ बघून बोलायची, म्हणून आम्हालाही कळलं नाही.” माझ्याबद्दल एक शब्द वाईट बोलल्या नाहीत. उलट दोन मुळे माझ्या पिशवीत घातले. मी ‘अरेरे’ म्हणाले. तुझ्या घरी येऊन काही सांगावं, एवढं मात्र माझ्यानं झालं नाही. पुढे तुम्ही पुसानला गेलात आणि मला सुटल्यासारखं वाटलं, तेही लिहिते.

त्या वर्षापासून मी पहिल्याच दिवशी मुलांना जमिनीवर झोपवू लागले. ढोल लाकडाला टेकवायचा, पोटानं ऐकायचं, मग टाचेनं उत्तर द्यायचं. ज्या मुलांना लय सापडत नसे, त्यांना सापडू लागली. लोक बघायला येऊ लागले, जिल्ह्यातर्फे माझा सत्कार झाला, ‘मालसुन बाईंचा पाठ’ असं नावही पडलं. मी ते पडू दिलं.

आणि गेल्या महिन्यात जंजूच्या शिक्षकांच्या शिबिरात, कानांमागे यंत्रं लावलेली एक शिक्षिका उभी राहिली आणि तिनं विचारलं, “बाई, मुलांना जमिनीवर झोपवायचं तुम्हाला कसं सुचलं?” तुझ्या छातीवरच्या पट्टीवरचं नाव मी उत्तर देण्याआधी वाचलं होतं. तरी म्हणाले, “अनुभवानं.” तू मान लववलीस आणि खाली बसलीस. शिक्षण कार्यालय आता या पाठाची पुस्तिका काढतंय. काल मी त्यांना पहिलं पान नव्यानं लिहून दिलं. त्यात तुझी टाच आहे, माझा टोमणा आहे, झेंडाही आहे. ते म्हणाले, नाव छापायचं तर त्या मुलीची संमती आणा. ती मागायला हे पत्र. तू नाही म्हणालीस तर पुस्तिका निघणार नाही, कारण माझ्या नावानं ती काढायची नाही, असं मी त्यांना सांगून आले आहे.

तुझीच,
तुझं फार उशिरा ऐकणारी,
मालसुन बाई