बाटलीच्या तोंडाची लाल चिंधी

१४ मार्च २०२१
हॉलंडच्या फोरबर्गमधल्या माझ्या मराठी बंधू-भगिनींनो, या देशात आपलं कोणी ऐकत नाही. (समोर कोणी नाही, पण सवय राहावी.) डॉक्टरला पॅरासिटामॉलपलीकडे ऐकू येत नाही, आणि आपलंच मंडळ मला झूमवर म्यूट करतं. किळस आली आहे. १ मेला मात्र दहा मिनिटं मिळालीत. मंडळाच्या साधनाताई म्हणाल्या, शेवटची संधी, शैलेंद्रदादा, आणि विषय कुठलाही, फक्त काढा सोडून.
गेल्या लॉकडाउनमध्ये मी घरोघरी काढा पुरवला. उकळायचो मी, बाटल्या भरून सायकलवर पोचवायची बायको, मीनल. त्याची ही कदर.
ठराव: नवा विषय, नवा छंद. जुन्या बाटल्या खणून काढणे.

२० मार्च
मंडळातल्या उल्हासच्या भाजीच्या वाफ्यात खणू का, विचारलं. चाचरत म्हणाला, दादा, तिथे नको, बटाटे लावायचेत. बटाट्यांपायी इतिहास अडवतो. शी. उद्या न सांगता जाणार.

२१ मार्च
चिखल. कंबर गेली. पण तपकिरी बाटल्या, चक्क ओळीने पुरलेल्या! किमान दीडशे वर्षं जुन्या. आत काळा द्रव, बुचाखाली लाल चिंधी. माझा लाल पंचा वर्षभर घरात सापडत नाही. यांचं कापड बघा कसं टिकतं.
ईशानीने वास घेतला आणि म्हणाली, फीस. डचमध्ये घाणेरडं. मुलीला इतिहासाची चाड नाही. मीनलला ठसका लागला. म्हणाली, भाषण आधी मला वाचून दाखवा. वक्ता वाचून दाखवत नसतो.

११ एप्रिल
आज पुन्हा हुंगलं. सुंठ. मिरी. तुळस. उलगडा झाला: डच व्यापाऱ्यांनी आपला काढा चोरला! १ मेला पुराव्यासह फोडणार. काढा सोडून म्हणे.

१ मे, रात्री
कॅमेऱ्यासमोर बूच काढलं, चिंधी फडकवली, म्हणालो, हे बघा चोरांचं विणकाम. मागून मीनल शांतपणे म्हणाली, अहो, तो तुमचा पंचा आहे. बुचं गळत होती म्हणून मीच फाडला.
मग उल्हास बोलला. दादा, माफ करा, प्यायला जमेना. काचेच्या बाटल्या टाकायचा कंटेनर तुमच्या खिडकीखाली, टाकताना दिसलो असतो. म्हणून पुरल्या. त्यावर एकेक माइक उघडला. आमच्यापण तिथेच आहेत, दादा.
मला कोणी म्यूट केलं नाही. मीच माइक बंद केला.

२ मे
काढा मी स्वतः कधी प्यायलो नव्हतो. घसा जपावा लागतो. आज एक घोट घेतला.
उरलेला वाफ्यातल्या खड्ड्यात ओतला. उल्हास फावडं घेऊन उभाच होता. त्याने खड्डा बुजवला.
बंधू-भगिनींनो, एकच करा. पुढच्या वेळी दार उघडा आणि तोंडावर सांगा, नको.