इस्लापूरच्या नावेचे चार बोल्ट

मी, उमाबाई विरूपाक्ष हलकुडे, वय एकाहत्तर, धंदा हार्डवेअरचे दुकान, राहणार जुन्या मोंढ्यामागे, नांदेड, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, चष्मा लावून, स्वतःच्या हाताने लिहिते. गुडघे गेले आहेत, डाव्या कानाने कमी ऐकू येते. पण दुकानातल्या कोणत्या खणात कोणता बोल्ट आहे हे मी काल जागेवरून न उठता सांगितले आणि डॉक्टरांनी तेवढ्यावरच दाखल्यावर सही केली. मला कोणी भरीस घातलेले नाही. उलट हे लिहू नको म्हणून घरातल्यांनी तीनदा समजावून पाहिले आहे. माझे दीर संगमेश्वर यांनी पूर्वी एक मृत्युपत्र लिहून आणले होते व मी ते न वाचता सही केली होती. ते आजपासून रद्द. न वाचता सही करण्याची माझी ती शेवटची वेळ.

कलम पहिले, घर. राहते घर माझ्या व माझ्या पतीच्या कमाईचे आहे. ते मुलगा वीरेश आणि मुलगी अंबिका यांना निम्मे निम्मे. वीरेश लातूरला असतो. त्याला हे घर पाडून गाळे काढायचे आहेत, हे त्याने मला सांगितलेले नाही, पण नकाशा काढणारा माणूस मोजमाप घ्यायला आला तेव्हा त्याला चहा मीच दिला. पाडायचेच असेल तर बहिणीला विचारून पाडावे.

कलम दुसरे, दुकान. दुकान संपूर्ण अंबिकेला. ती चाकूरला शाळेत शिकवते, तिने ते चालवावे किंवा जाणत्या माणसाला चालवायला द्यावे. संगमेश्वर यांना ते विकत, भाड्याने अगर भागीत देऊ नये. का, ते चौथ्या कलमात लिहिले आहे.

दुकानाबाबत एक अट आहे. सतरा वर्षांची मी उदगीरहून लग्न होऊन इथे आले तेव्हा मला खिळा आणि स्क्रू यांतला फरक कळत नव्हता. माझे पती विरूपाक्ष लेथवर काम करत. मी जेवण घेऊन गेले की ते माझ्या हातात धातूचा तुकडा ठेवत आणि विचारत, "वळख बरं, काय हाय?" चुकले तर हसत नसत, पुन्हा देत. पुढे गोदावरीवरचे आणि धरणांवरचे मासेमार नावेचे सामान घ्यायला आमच्याकडेच येऊ लागले, आणि कोणत्या नावेला काय लावायचे हे मी सांगू लागले. तेव्हा अट अशी: नावेवर इंजिन, वल्ह्याची कडी अगर दोर बांधायची खुंटी बसवायला सामान मागितले तर गंज न धरणाऱ्या स्टीलचाच बोल्ट द्यावा. आतून सागवानाची जाड पट्टी आणि मोठे वायसर द्यावे, म्हणजे ओढ एका भोकावर न येता सगळ्या फळीवर पसरते. भोक पाडले की उघड्या पडलेल्या लाकडाला रेझिन पाजायला सांगावे, कारण पाणी तिथूनच आत शिरते. ब्रॅकेट ॲल्युमिनियमचे असेल तर बोल्टाभोवती नायलॉनची नळी घालावी, नाहीतर दोन धातू एकमेकांना खातात. पितळ देवघरात शोभते, इंजिन पेलायला देऊ नये. आणि झिंकचा मुलामा दिलेले लोखंड स्टील म्हणून कोणी विकले, तर त्याला त्याच दिवशी दुकानातून काढावे, मग तो कोणाचा का कोण असेना.

कलम तिसरे, अवजारे. लेथ मशीन, ड्रिल आणि पतीची मोजमापाची पेटी आमचे जुने कारागीर शंकरप्पा यांना. त्यांनी चाळीस वर्षांत एकदाही "चालतंय की" हा शब्द उच्चारला नाही.

कलम चौथे. याला कोणती मालमत्ता जोडलेली नाही. तरी वकील रुद्रेश यांनी ते गाळा म्हटले असताना मी ते ठेवले आहे.

इस्लापूरजवळ, सहस्रकुंडाच्या धबधब्याच्या वरच्या अंगाला, पैनगंगेवर मच्छीमार सोसायटीची फायबरची नाव चाले. पलीकडे शेते असणारी माणसे तीतून जा-ये करत. नावाडी व्यंकटी पोशट्टी बोईनवाड. २०१९ च्या जानेवारीत सोसायटीने त्या नावेला छोटे इंजिन बसवायचे ठरवले आणि काम आमच्या दुकानाला दिले. सामान मी निवडले. स्टीलचे चार बोल्ट, आठ मोठे वायसर, सागवानाची पट्टी. सगळे काउंटरवर मांडून मी संगमेश्वरना म्हणाले, "भाऊजी, हेच लावायचं. मागच्या फळीवर सगळं इंजिन लटकतंय."

ते म्हणाले, "वहिनी, तुमी लई बारीक बघता. नदीची नाव हाय, समुद्रातलं जहाज न्हाई."

मी अंबिकेच्या बाळंतपणाला चाकूरला गेले. परत आल्यावर विचारले, दिलेले सामान लावले का? "हाव वहिनी, तेच लावलं." महिन्याभराने मला त्यांच्या खणात माझे चार बोल्ट सापडले, कागदात गुंडाळलेले. नावेला मुलाम्याचे लोखंडी बोल्ट गेले होते आणि सागवानाच्या जागी माल येतो त्या खोक्याची प्लायवूड. मी भांडले. तेव्हा म्हणाले, पाडवा झाला की जाऊन बदलतो. पाडवा झाला. उन्हाळ्यात माझ्या पतींना अर्धांगवायूचा झटका आला. दीड वर्ष मी त्यांच्या उशाशी होते, आणि मग ते गेले. मी हे कारण म्हणून लिहीत नाही. इस्लापूरला एक फोन करायला पाच मिनिटे लागली असती. मी तो केला नाही.

२०२१ च्या भाद्रपदात नदी भरून वाहत असताना मधल्या धारेत इंजिन फळीसकट उपटून पाण्यात गेले. नाव धबधब्याकडे निघाली. नावेत सात माणसे होती. (हा मजकूर व्यंकटीला वाचून दाखवला तेव्हा तो म्हणाला, "सात न्हाई बाई, आठ. मी बी होतो की." वर आठ असे वाचावे.) व्यंकटी दोर कमरेला बांधून पाण्यात उडी मारून खडकापर्यंत पोहत गेला आणि दोराचा वेढा खडकाला घातला. नाव वळून येऊन त्याच्यावर आपटली. उजवा पाय नाव आणि खडक यांच्यामध्ये सापडून गुडघ्याखाली चेचला गेला. दोर त्याने सोडला नाही. सगळी माणसे जिवंत काठावर आली.

चार दिवसांनी सोसायटीचे दोघे आमच्या दुकानात चौकशीला आले. बोल्ट कसले होते, असे त्यांनी विचारले. संगमेश्वर म्हणाले, "माल एक नंबरचा होता. नावाडी पिऊन होता म्हणत्यात." वीरेश त्या दिवशी आलेला होता. आत येऊन माझ्या कानाशी म्हणाला, "आई, तू गप बस. दुकानाचं नाव जाईल." मी त्या दोघांना चहा दिला. बोलले नाही. त्यांनी कागदावर लिहून घेतले: नावाड्याचा निष्काळजीपणा, मद्यप्राशनाचा संशय.

ज्या माणसाने आयुष्यात तंबाखूसुद्धा चघळली नाही त्याच्याबद्दल हे लिहिले गेले, आणि कप मी विसळत होते.

पुढच्या आठवड्यात एकटीच बसने इस्लापूरला गेले. नाव काठावर पालथी होती. भोकात बोट घातले तर प्लायवूडचा भुगा हाताला आला, भिजलेल्या पापडासारखा. एक बोल्ट अजून अडकून होता, गंजून काडीएवढा झालेला. व्यंकटी घरी पाय बांधून पडला होता. मला पाहून उठायला लागला. म्हणाला, "बाई, इंजिन हालून राहिलं म्हणून मी दोन बार निरोप दिला दुकानात. तुमाला न्हाई भेटला का?"

मला भेटला नव्हता. संगमेश्वरना भेटला होता. हे समजूनही मी परत आले आणि चार वर्षे गप्प राहिले. ज्या दुकानाचे नाव मी जपत होते त्या नावाला त्या दिवसापासून माझ्या लेखी काही किंमत उरली नाही.

यंदा माहूरला रेणुकामातेच्या दर्शनाला गेले. पायऱ्यांजवळ नारळ फोडून देणारा माणूस काठी टेकून उभा होता. व्यंकटी. त्याला पुन्हा कोणी नाव दिली नव्हती. माझ्या पुढे उभा असलेला एक गृहस्थ बायकोला सांगत होता, "हाच त्यो, पिऊन नाव घालवणारा." व्यंकटीने ऐकले. त्या गृहस्थाचाच नारळ फोडून त्याच्या हातात दिला आणि मला म्हणाला, "बाई, तुमचा कुटं हाय?"

मी नारळ आणलाच नव्हता. दर्शन न घेताच खाली उतरले. देवीसमोर उभे राहायचे तोंड नव्हते.

म्हणून इथे स्पष्ट लिहिते. नाव व्यंकटीच्या हातून गेली नाही. आमच्या दुकानाने मुलाम्याचे बोल्ट आणि खोक्याची प्लायवूड लावली म्हणून गेली. संगमेश्वर यांनी ते लावले, मला ठाऊक होते, आणि आम्ही दोघांनी ते लपवले. वीरेशने लपवायला सांगितले. हा कबुलीजबाब माझ्या मरणाची वाट पाहणार नाही. याच्या सहीच्या प्रती आज सोसायटीच्या कार्यालयात, इस्लापूरच्या ग्रामपंचायतीत आणि पोलीस ठाण्यात पाठवीत आहे. पुढे जे होईल ते मी जिवंतपणी भोगीन.

कलम पाचवे. कागदात गुंडाळलेले ते चार बोल्ट संगमेश्वर यांना. भाऊजी, तुम्ही मोठ्या भावाच्या लेथवर लहानाचे मोठे झालात. स्टील आणि मुलामा यांतला फरक तुम्हाला माहीत नव्हता असे मी मरतानाही मानणार नाही. माझ्या समाधीला माती द्यायला यायचे असेल तर आधी इस्लापूरला जाऊन व्यंकटीच्या दारात चार लोकांसमोर खरे बोलून या. तसे न करता आलात तर अंबिकेने तुम्हाला फाटकातूनच परत पाठवावे, अशी माझी तिला आज्ञा आहे.

कलम सहावे. माझे दागिने व बँकेतील ठेव व्यंकटीला, असे मी आधी लिहिले होते. ते कापले आहे. त्याची हकीकत अशी की परवा मी त्याला नांदेडला बोलावून घेतले आणि वकिलांसमोर हा कागद वाचून दाखवला. ऐकून त्याने कागद हातात घेऊन उलटून पाहिला. मग वकिलांना विचारले, "साहेब, याच्यावर सह्या कुनाच्या लागत्यात?"

रुद्रेश म्हणाले, दोन साक्षीदारांच्या. पण ज्याला वाटा मिळतो त्याने साक्षीदार होऊ नये.

व्यंकटी म्हणाला, "मग माझा वाटा काढून टाका."

मी म्हणाले, अरे, पाय गेला तुझा, लेकरं आहेत.

"लेकरं कमावती झालीत बाई. चार साल मला कुनी इचारलं न्हाई काय झालं म्हनून. आता कागदावर माझं नाव साक्षीला लिवा. पुरं नाव लिवा, बापाचं बी."

मी खूप सांगून पाहिले. त्याने ऐकले नाही. तेव्हा दागिने व ठेव यांतून त्याच घाटावर नवी नाव घ्यावी, सामान दुसऱ्या कलमाप्रमाणे लावावे, आणि ते शंकरप्पा व व्यंकटी यांनी हात लावून तपासल्याशिवाय ती पाण्यात सोडू नये. हे सर्व अंमलात आणण्याची जबाबदारी अंबिकेवर.

वरील मजकूर मी लिहिला, वाचला, दोन्ही साक्षीदारांसमोर सही केली, आणि त्यांनी माझ्यासमोर केली.

ठिकाण: नांदेड
दिनांक: १८ नोव्हेंबर २०२५

लिहून देणार: उमाबाई विरूपाक्ष हलकुडे (सही)

साक्षीदार
१. दयानंद शेषेराव जाधव, निवृत्त पोस्टमास्तर, नांदेड (सही)
२. व्यंकटी पोशट्टी बोईनवाड, नावाडी, इस्लापूर (सही)

साक्षीदार क्रमांक दोन यांच्या नावापुढे वकिलांनी साक्षीदारांची नावे भरताना धंदा "नारळ फोडणे" असा घातला होता. तो साक्षीदाराने स्वतः खोडून "नावाडी" असे लिहिले आहे. ही दुरुस्ती मला मान्य आहे. उ. वि. ह.