रोशनीने ठोसा मारला नाही

रविवार, संध्याकाळ

हात वर केला तो दुसऱ्याच मुलीचा! माझ्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या मंगलाची रोशनी आज बॉक्सिंगच्या अंतिम सामन्यात हरली. म्हणे हरली. पाचही पंच चष्मे घरी विसरून आले असावेत.

पण इथे तरी खोटं कशाला लिहू? शेवटच्या फेरीत समोरचीचा तोल गेला. ठोसा लगावायचा सोडून रोशनी मागे सरली आणि "सॉरी" म्हणाली. त्या मुलीने सावरताच सटासट तीन ठोसे हाणले.

सॉरी! रिंगमध्ये कोणी सॉरी म्हणतं? माझ्या जेवणाच्या टेबलावर इंग्रजी शिकवताना हे वळण मीच तिला लावलं. आमच्या कॉन्व्हेंटमधल्या नन्सनी मला लावलं होतं, तसंच.

बाहेर तिचा बाप मंगलावर ओरडला, "म्हटलं होतं ना, हारली तं खेळ बंद! आता मले काही सांगू नको." रोशनीला वाडी गावाहून सांगून आलेल्या स्थळाला तो उद्याच होकार कळवणार.

ऑटोत रोशनीने विचारलं, "मॅडम, मी बरोबरच केलं ना?"

मी "हो" म्हटलं.

मंगला बाहेर पाहतच बोलली, "मंग हेच तिच्या बापाले सांगाल का, बाई?"

मी पुढे वाकून ऑटोवाल्याला म्हटलं, "भाऊ, आधी सदरला माझ्या घरी घ्या."