दुसऱ्या स्तोत्राला आलेली पाडसं

ओहायो, जुलै,
मंगळवार (इस्त्रीचा दिवस)

प्रिय रोमन मामा आणि एडना मामी यांस,

देवाच्या कृपेत तुम्हा दोघांना अ‍ॅटलीचा आदरपूर्वक नमस्कार. इकडे हवा कोरडी आहे. गवताची दुसरी कापणी पावसात न सापडता कोठारात पोचली आणि मका माझ्या कमरेला लागला आहे (वडिलांच्या कमरेला अजून लागलेला नाही, ते उंच आहेत). आईची पाठ बरी आहे. वडिलांनी दाढ काढून घेतली आणि तेव्हापासून ते पूर्वीपेक्षा कमी बोलतात, म्हणजे जवळजवळ बोलतच नाहीत. तुमची मांडी आता कशी आहे? इंडियानात थंडी लवकर पडते, तेव्हा ती जुनी जखम ठणकू लागेल याची मला काळजी वाटते. मामींच्या बदकांनाही नमस्कार.

वसंतात तुम्ही पत्रातून जो सल्ला दिला होता, त्याचं पुढे काय झालं हे कळवण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. यात अभिमान मिरवण्याचा हेतू नाही. अभिमान आपल्याला शोभत नाही हे मला ठाऊक आहे, म्हणून जे घडलं ते फक्त माहिती म्हणून लिहितो, आणि ते चांगलं घडलं याला माझा इलाज नाही.

मी लिहिलं होतं ते तुम्हाला आठवत असेल, हरणांना पिल्लं व्हायच्या आधी वडिलांनी मला आमच्या हरणांच्या आवाराच्या कुंपणाशी उभं केलं आणि म्हणाले, "अ‍ॅटल्या, या हंगामात हरणं तुझी. नीट निभावलंस तर आवार कायमचं तुझं. नाही निभावलंस तर पानं गळायच्या आत कुंपण उतरवतो, गाई घालतो, आणि तू जा वायमनकडे खुर्च्यांचे पाय घासायला." वायमन म्हणजे आमचा रस्त्यापलीकडचा शेजारी. त्याचा खुर्च्यांचा कारखाना आहे आणि त्याच्याकडेही हरणं आहेत. खुर्च्यांच्या पायांबद्दल मला काही वाईट म्हणायचं नाही, पण ते सगळे सारखे असतात आणि कोणी आपल्याला पाहून कान टवकारत नाही.

आता प्रश्न दुधाच्या बाटलीचा. तुम्ही लिहिलं होतं की पिल्लांना आईपाशीच राहू द्यावं, आणि पाजायचंच झालं तर फक्त माद्यांना पाजावं, कारण बाटलीवर वाढलेल्या नराला माणसाची भीती उरत नाही आणि नोव्हेंबरात माजावर आला की तो माणसाला दुसरा नर समजून शिंगांनी अंगावर येतो. (तुमच्या मांडीपेक्षा मोठा दाखला कोणता?) वायमन म्हणाला, "छट्, सगळ्यांना पाज! बाटलीवरचं हरीण म्हणजे कुत्रं, हाक मारली की हजर." वडील म्हणाले, "मग कुत्रंच पाळ की. कुंपण तरी स्वस्त पडेल." आई म्हणाली की बाळाला दूध पाजायला इतका विचार करावा लागला असता, तर आम्हा भावंडांपैकी एकही जगलं नसतं. मी शेळ्या दोहताना विचार केला, कोठार झाडताना विचार केला, आणि विचार करता करता एकदा घोड्याला कोंबड्यांचं खाणं घातलं. दोन्ही बाजू इतक्या बरोबर होत्या की मला झोप लागेना. बाटली दिली तर पिल्लांना हगवण लागायची भीती (हा शब्द बरोबर आहे, मी कोशात पाहिला), आणि नाही दिली तर ती रानटी राहून आयुष्यभर आपल्या सावलीला घाबरणार.

शेवटी निर्णय मी घेतला, आणि ठामपणे घेतला. झालं असं की पिल्लं होऊ लागली त्या आठवड्यातल्या सोमवारी आईने धुणं वाळत घातलं. आमच्या घरच्या सगळ्या पुरुषांच्या काळ्या विजारी एका दोरीवर, आणि वारा सुटला. विजारींना पाय फुटलेले पाहून म्हाताऱ्या हरिणीने अशी धाव घेतली की ती सरळ कुंपणावर आदळली आणि मान मोडून मेली. मागे तिची दोन मादी पिल्लं राहिली, अजून अंगावर ओल असलेली. त्याच आठवड्यात दुसऱ्या एका हरिणीला तिळं झाली आणि त्यांतल्या तिसऱ्याला ती लाथा मारून दूर करू लागली. तेव्हा मी वडिलांना स्पष्टच सांगितलं की मी बाटलीने पाजायचं ठरवलं आहे. ते म्हणाले, "तू ठरवलंस?" मी म्हणालो, "हो." ते हरिणीसाठी खड्डा खणत होते, त्यामुळे विषय तिथेच संपला.

दोघींची नावं आईने ठेवली, हुल्दा आणि फॅनी. तिसऱ्याला आम्ही तिसरंच म्हणतो. पहिले काही दिवस फार वाईट गेले. बाटली तोंडात धरत नसत, आणि धरली की इतक्या अधाशीपणे ओढत की ठसका लागून दूध नाकातून बाहेर. पाजून झालं की कोमट ओल्या फडक्याने त्यांचं जे करावं लागतं, जे एरवी त्यांची आई जिभेने करते, तेही मीच केलं (जास्त लिहीत नाही, पत्र मामीही वाचतील). दूध शेळीचं, मनगटावर थेंब टाकून पाहिलेलं. मग एकदा पाजताना मी सहज उपासनेतलं आपलं दुसरं स्तोत्र गुणगुणू लागलो, तेच जे दर उपासनेला न चुकता दुसऱ्या क्रमांकावर असतं. तुम्हाला सांगायला नको, त्याची चाल किती संथ. एका शब्दात एक गाय दोहून व्हावी. आणि मामा, काय सांगू, पाडसं त्या चालीवर पिऊ लागली! एकेक घोट, दमादमाने, कडवं संपेतो बाटली संपली आणि ठसका एकदाही नाही. त्या दिवसापासून रोज स्तोत्र, रोज दूध. तिघांची पोटं गच्च झाली, पाठीवरचे ठिपके चमकू लागले. वायमन पाहायला आला आणि टोपी मागे सारून म्हणाला, "माझी पिल्लं अशी नाहीत रे." हे मी केवळ माहिती म्हणून लिहीत आहे.

आता अडचण पाहा. परवाच्या रविवारची उपासना पाळीप्रमाणे आमच्या घरी होती. आम्ही घर, कोठार आणि वडिलांचं चाकं बनवायचं दुकान घासून पुसून काढलं, घरोघर फिरणारी बाकांची गाडी आली, बाक मांडले. वडिलांनी बजावलं, "तुझी ती मंडळी कोंडून ठेव. ऑबेडला हरणं आवडत नाहीत." ऑबेड म्हणजे आमचे बिशप. ते मागे एकदा म्हणाले होते की गाय दूध देते, घोडा नांगर ओढतो, कोंबडी अंडं घालते, हरीण मात्र नुसतं पाहायला, आणि नुसतं पाहायची वस्तू दारात ठेवणं हा अहंकार. त्यांनी नापसंती दाखवली असती तर वडिलांनी दुसऱ्याच दिवशी कुंपणाला हात घातला असता. म्हणून मी पाडसांना पहाटेच पाजलं, फाटक लावलं, खालच्या फटीत फळी ठोकली, आणि दोन वेळा परत जाऊन ती हलवून पाहिली. फळी पक्की होती. वरची फट पाडसांना पुरते, हे मला ठाऊक नव्हतं.

दुकानात सगळे बसले, एका बाजूला पुरुष, एका बाजूला बायका, आणि आम्ही बिनदाढीचे, म्हणजे बिनलग्नाची पोरं, मागच्या बाकावर. पहिलं स्तोत्र झालं. रिवाजाप्रमाणे बिशप आणि दोन उपदेशक विचारविनिमयाला अंगण ओलांडून घरात वरच्या खोलीत गेले. मग दुसरं स्तोत्र सुरू झालं. पहिला सूर लागला आणि मी दाराकडे मान वळवली. एकटा मी गुणगुणत होतो तेव्हा तिघं येत, इथे तर सगळी मंडळी एका सुरात दुधाचं आमंत्रण देत होती.

दारात हुल्दा दिसली. तिच्या मागे फॅनी. दोघी पुरुषांच्या रांगेतून अशा चालल्या, जणू बसायला जागा शोधताहेत. गाणारं प्रत्येक तोंड पाहायचं, थांबायचं, वास घ्यायचा, पुढे जायचं. फॅनीने डुलकी घेणाऱ्या एका आजोबांचा अंगठा चोखला, आणि ते जागे होऊन बरोबर चालू ओळीत सूर लावते झाले. स्तोत्र थांबलं नाही. आपल्यात ते मध्ये थांबवत नाहीत, घोडा सुटला तरी नाही. कोणी हसलंही नाही. फक्त बाक हलत होते. वडील पुढे पाहत होते, पण त्यांचे कान मागून लाल झालेले मला दिसत होते आणि मनात मी खुर्च्यांचे पाय घासायला सुरुवात केली होती.

तेवढ्यात बिशप परत आले. तुम्हाला ठाऊकच आहे, ते वयाच्या क्रमाने एकामागून एक येतात. सर्वांत पुढे ऑबेड, मग थोरले उपदेशक, मग धाकटे, आणि सगळ्यांच्या शेवटी, सर्वांत लहान म्हणून अगदी योग्य जागी, तिसरं. अंगणात त्याला हे तिघे आधी भेटले असावेत, कारण ऑबेडच्या कोटाचं मागचं टोक चोखून ओलंचिंब झालं होतं. ते चारही जण खाली बसले. म्हणजे तिसरंही बसलं, ऑबेडच्या बुटांवर.

ऑबेड प्रवचनाला उभे राहिले आणि त्यांनी खाली तिसऱ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "आज मंडळीत तीन नवे जण आले. कोणी बोलवायला गेलं नाही. स्तोत्र ऐकलं आणि आले." त्यांनी मागच्या बाकाकडे पाहिलं. "आपल्या पोरांना मात्र दर रविवारी कोठारामागून हाकलून आणावं लागतं." सगळ्या बायकांनी माना वळवून आपापल्या पोरांकडे पाहिलं. माझ्याकडे फक्त आईने पाहिलं, आणि तिने टोपीची नाडी दातांत धरली होती.

जेवणाच्या वेळी, मी टेबलावर पाव आणि बिटाचं लोणचं वाढत असताना, ऑबेडनी मला थांबवलं. "पाजताना शब्द म्हणतोस का नुसता सूर?" मी म्हणालो, नुसता सूर, कारण पवित्र शब्द दुधासाठी वापरणं बरं नव्हे. ते म्हणाले, "शब्द म्हण. त्यांचं बिघडणार नाही. या पोरांना तरी कुठे शब्द येतात?" मग कोटाचं टोक पिळत ते वडिलांना म्हणाले, "इरा, पोरगा हरणांचं बरं करतोय." वडिलांनी मान हलवली. काल सकाळी त्यांनी आवाराच्या फाटकाची साखळी माझ्या हातात ठेवली आणि दाढ काढल्यापासूनचं सगळ्यात लांब वाक्य बोलले: "हे घे. तुझं." मला अभिमान वाटला नाही. मी कोठारामागे जाऊन थोडा वेळ उभा राहिलो, इतकंच.

सर्वांना नमस्कार. उत्तर सवडीने लिहावं, पण लवकर.

तुमचा आज्ञाधारक भाचा,
अ‍ॅटली

ता. क. वडिलांचं वाक्य मी पूर्ण लिहिलं नाही असं परत वाचताना लक्षात आलं. पुढे ते म्हणाले, "पण शिंगं फुटायच्या आत बाटलीवरचा नर आवाराबाहेर."

ता. क. २. तिसरं नर आहे. वर मी कुठेही ते मादी असल्याचं लिहिलेलं नाही, प्रत्येक ओळ तपासली आहे. लाथ खाऊन पडलेलं पिल्लू उचलताना माणूस आधी ते जिवंत आहे का एवढंच पाहतो.

ता. क. ३. म्हणून विनंती अशी की तुम्ही त्याला घेऊन जावं. नर कसा हाताळावा याचा तुमच्याइतका अनुभव आमच्या नात्यात कोणाला नाही. तुमची मांडी जायबंदी करणाऱ्यासारखा तो मुळीच नाही, फार मनमिळाऊ आहे. मामींनी त्या नराला ज्याने हाकललं, ते धुण्याचं धोपटणं त्यांनी जपून ठेवलं असेलच.

ता. क. ४. एकच विचारायचं होतं. आई म्हणते, तुमच्या इंडियानात दुसरं स्तोत्र आमच्यापेक्षा पुष्कळ भरभर म्हणतात. हे खरं असेल तर वरची विनंती कृपया विसरावी आणि वडिलांना काय सांगायचं ते कळवावं. भरभर प्यायलं की त्याला ठसका लागतो.